एका क्लिकपलीकडचा धोका

२००९ साली गूगलवर काही शोधलं की निकालांच्या वर आणि उजव्या कडेला छोट्या जाहिराती येत. त्यांचं माप ठरलेलं होतं. शीर्षकाला २५ अक्षरं, खाली ३५-३५ अक्षरांच्या दोन ओळी आणि त्याखाली संकेतस्थळाचा पत्ता. विमानाचं तिकीट, बूट, मोटारीचा विमा एवढ्या जागेत आरामात विकला जायचा. अमेरिकेतल्या औषध कंपन्याही ही जागा विकत घेत होत्या, आणि तीही डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत अशा औषधांसाठी. कुणी आजाराचं नाव टाइप केलं की शेजारी गोळीचं नाव आणि ती कशावर चालते एवढं उमटायचं. त्या गोळीने काय होऊ शकतं, हे वाचायचं तर जाहिरातीवर क्लिक करून पुढच्या पानावर जावं लागे. धंद्यातले लोक याला ‘वन क्लिक रूल’ म्हणत. असा नियम कोणत्याही कायद्यात लिहिलेला नव्हता. धोका एका क्लिकवर ठेवला की पुरे, ही कंपन्यांनी आपसांत रूढ केलेली समजूत होती.

त्या वर्षी मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १४ कंपन्यांना पत्रं धाडली. (आपल्याकडे ‘एफडीए’ म्हटलं की राज्याचं खातं डोळ्यांपुढे येतं. इथे मात्र एफडीए म्हणजे अमेरिकेचं.) फायझर, मर्क, नोव्हार्टिस, एली लिली, जॉन्सन अँड जॉन्सन अशी सगळी मोठी नावं त्यांत होती. पत्रं इशारापत्राहून एक पायरी सौम्य होती, पण मजकूर स्पष्ट होता. फायदा जिथे सांगता तिथेच धोकाही सांगा. पुढच्या पानाचा दुवा दिल्याने ती जबाबदारी पार पडत नाही.

औषधांच्या जाहिरातींचा अमेरिकेतला इतिहास वाचताना मला हीच एक गोष्ट सारखी समोर येते. फायद्यापासून धोका किती अंतरावर ठेवायचा, याचंच हे भांडण आहे. माध्यम बदललं की ते अंतर वाढलं, आणि लोकांना जेव्हा जेव्हा विचारलं गेलं तेव्हा बहुतेकांनी ते कमी करायला सांगितलं.

सुरुवात १९६२ पासून करायला हवी. थॅलिडोमाइडने युरोपात हजारो बाळं अपंग जन्माला आली होती. ते औषध अमेरिकेत येऊ न देणाऱ्या डॉ. फ्रान्सेस केल्सी देशाच्या आदराचा विषय झाल्या होत्या. त्या लाटेत सिनेटर एस्टेस केफॉव्हर यांचं बरेच दिवस रखडलेलं विधेयक मंजूर झालं. त्यातल्या एका कलमाने चिठ्ठीच्या औषधांच्या जाहिरातींवरची देखरेख व्यापार आयोगाकडून काढून अन्न व औषध प्रशासनाकडे दिली. जाहिरातीत दुष्परिणाम, औषध कुणी घेऊ नये आणि ते कितपत गुणकारी आहे, यांचा ‘संक्षिप्त सारांश’ हवा, असं ठरलं. व्यवहारात तो सारांश बारीक टायपात एक पानभर पसरायचा. तरी त्याचा कुणाला त्रास नव्हता, कारण या जाहिराती वैद्यकीय नियतकालिकांत येत आणि डॉक्टर त्या वाचत. रोगी हा वाचक असेल अशी कल्पना तेव्हा कुणीच केली नव्हती.

ती कल्पना न्यायालयाच्या वाटेने आली, आणि विशेष म्हणजे ग्राहकांच्या भल्यासाठी आली. व्हर्जिनिया राज्यात औषधविक्रेत्याने चिठ्ठीच्या औषधांची किंमत जाहीर करणं हे गैरवर्तन मानलं जाई. एकच औषध एकाच गावात दोन दुकानांत फार वेगळ्या भावाने मिळे आणि म्हाताऱ्या, गरीब गिऱ्हाइकाला त्याचा पत्ता लागत नसे. तिथल्या ग्राहक संघटनेने दावा लावला. १९७६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला: धंद्याच्या जाहिरातीलाही भाषणस्वातंत्र्याचं काही संरक्षण आहे, आणि माहिती मिळवणं हा ग्राहकाचा हक्क आहे. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी निकाल लिहिला. एकटे न्यायमूर्ती रेन्क्विस्ट विरोधात होते. आज किमती जाहीर होतील, उद्या औषधंच जाहीर होतील, असं सांगून त्यांनी आपल्या निकालपत्रात भविष्यातल्या जाहिरातींचे काही नमुनेच रचून दाखवले. झोप लागत नाही ना, मग डॉक्टरकडे अमुक गोळी मागा. वेदना सोसत नाहीत, तर तमक्या औषधाचा आग्रह धरा. वीस-पंचवीस वर्षांनी अमेरिकेच्या घराघरांत रोज संध्याकाळी जवळजवळ हीच वाक्यं ऐकू येणार होती. मला त्या निकालातला बहुमताचा भाग योग्यच वाटतो. किंमत लपवण्याचं समर्थन करता येत नाही. पण रेन्क्विस्ट यांना जे दिसलं ते बाकीच्या न्यायमूर्तींना दिसायला हवं होतं.

याच प्रश्नावर भारताच्या न्यायालयाने सतरा वर्षं आधी वेगळी वाट धरली होती. १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय या कायद्याने ठरावीक रोगांवर इलाज असल्याची जाहिरात करायलाच मनाई केली. त्याच्या परिशिष्टात ५४ रोग आहेत. ‘हमदर्द दवाखाना’ने त्याला आव्हान दिलं. १९५९ च्या डिसेंबरमध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातल्या एक-दोन तरतुदी फार मोघम म्हणून रद्द केल्या, पण मुख्य गाभा राखला. लोकांनी जाहिरात वाचून स्वतःच स्वतःवर उपचार करू नयेत हा कायद्याचा हेतू रास्त आहे आणि अशी जाहिरात भाषणस्वातंत्र्याच्या आसऱ्याला येऊ शकत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. पुढे १९९५ साली मुंबईच्या टेलिफोनच्या ‘यलो पेजेस’वरून टाटा प्रेस आणि महानगर टेलिफोन निगम यांच्यात वाद झाला. त्यात आपल्या न्यायालयानेही धंद्याच्या जाहिरातीला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानलं. तरी चिठ्ठीच्या औषधांची जाहिरात थेट जनतेपुढे करण्याची मुभा इथे मिळाली नाही. आज जगातल्या श्रीमंत देशांत ती मुभा फक्त दोघांकडे आहे, अमेरिका आणि न्यूझीलंड.

अमेरिकेत अगदी सुरुवातीला आलेल्या जाहिरातींतली एक किमतीचीच होती. बूट्स या ब्रिटिश कंपनीची रुफेन ही आयबुप्रोफेनची गोळी स्पर्धकाच्या गोळीपेक्षा स्वस्त होती. १९८१ मध्ये तिने हे छापून आणलं आणि १९८३ च्या मे महिन्यात टीव्हीवर सांगितलं. प्रशासनाने ती जाहिरात ताबडतोब थांबवायला लावली आणि नंतर दुरुस्त्यांसह चालू दिली. दरम्यान १९८२ मध्ये एली लिलीने ओराफ्लेक्स हे संधिवाताचं औषध वाजतगाजत बाजारात आणलं होतं. वर्तमानपत्रं आणि टीव्ही वाहिन्यांना तयार मजकूर पुरवला गेला. संधिवात नुसता दाबला जात नाही, आटोक्यातच येतो, असा समज देशभर पसरला आणि लोक नाव घेऊन औषध मागू लागले. काही महिन्यांतच, ऑगस्ट १९८२ मध्ये, ते बाजारातून काढावं लागलं. ब्रिटनमध्ये ते घेणारी माणसं यकृत आणि मूत्रपिंड निकामी होऊन दगावली होती. परदेशातल्या या मृत्यूंची माहिती वेळेवर कळवली नाही, हा गुन्हा कंपनीने १९८५ मध्ये न्यायालयात कबूल केला.

प्रशासनाने १९८३ मध्ये कंपन्यांना विनंती केली की अशा जाहिराती काही काळ थांबवा, आम्हाला अभ्यास करू द्या. कंपन्यांनी ऐकलं. दोन वर्षांनी, सप्टेंबर १९८५ मध्ये, प्रशासनाने ही स्थगिती उठवली आणि सांगितलं की डॉक्टरांसाठीचे नियम जनतेसाठीही पुरेसे आहेत. म्हणजे तोच पानभर बारीक टाइप. मासिकात तो छापता येत होता, टीव्हीच्या तीस सेकंदांत मात्र बसत नव्हता. त्यामुळे पुढची बारा वर्षं टीव्हीवर अर्धवट जाहिराती चालल्या. नुसतं औषधाचं नाव घेतलं आणि ते कशावर आहे हे सांगितलं नाही, तर धोके सांगण्याचं बंधन लागत नाही, अशी सवलत नियमात होती. क्लॅरिटिनच्या जाहिरातीत निळं आकाश दिसे, नाव ऐकू येई आणि डॉक्टरला विचारा असं सांगितलं जाई. कशासाठी विचारायचं, हे बघणाऱ्याला कळत नसे.

१९९७ च्या ऑगस्टमध्ये प्रशासनाने हा पेच सोडवला, आणि माझ्या मते आजपर्यंतच्या सगळ्या गुंत्याचं मूळ त्या सोडवणुकीत आहे. नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार टीव्हीवरच्या जाहिरातीत सर्वांत महत्त्वाचे धोके आवाजात सांगितले की पुरे. बाकीचं सगळं मिळवायची ‘पुरेशी सोय’ हवी. ती सोय चार मार्गांनी करायची: फुकट फोन नंबर, एखाद्या मासिकातली छापील जाहिरात, डॉक्टर किंवा औषधविक्रेता, आणि इंटरनेटवरचं पान. त्या वर्षी अमेरिकेतल्याही बहुसंख्य घरांत इंटरनेट नव्हतं. तरी धोक्याचा तपशील ठेवायची जागा म्हणून ते तेव्हाच नेमलं गेलं. जाहिरात दिवाणखान्यात आणि दुष्परिणाम कोठीघरात, अशी ही वाटणी होती. पुढे जाहिरात स्वतःच इंटरनेटवर आली तेव्हा कंपन्यांनी हीच वाटणी तिथे नेली. धोका आधीच वेबवर आहे, मग एका क्लिकवर असला तर बिघडलं कुठे, असा त्यांचा युक्तिवाद होता. ‘वन क्लिक रूल’ची मुळं इथे आहेत.

त्यानंतर पैशाचा पूर आला. १९९७ मध्ये चिठ्ठीच्या औषधांच्या थेट जाहिरातींवर अमेरिकेत सुमारे १३० कोटी डॉलर खर्च होत होते. २०१६ पर्यंत तो आकडा ६०० कोटींवर गेला. न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये मुलाकडे सहा महिने राहून आलेल्या आपल्याकडच्या आई-वडिलांना विचारून पाहा. संध्याकाळच्या बातम्यांत दर दहा मिनिटांनी एक गोळी येते. आजी-आजोबा बागेत नातवंडांशी खेळत असतात आणि मागून एक मऊ आवाज पक्षाघात, यकृताचे विकार, आत्महत्येचे विचार अशी यादी वाचून दाखवत असतो. चित्र आणि आवाज एकाच पडद्यावर असूनही एकमेकांपासून किती दूर ठेवता येतात, हे तिथे दिसतं.

त्या पुरातलं सगळ्यांत मोठं नाव व्हायॉक्स. मर्कचं हे सांधेदुखीवरचं औषध मे १९९९ मध्ये मंजूर झालं. १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये फिगर स्केटिंगचं सुवर्णपदक जिंकलेल्या डोरोथी हॅमिल त्याच्या जाहिरातीत बर्फावर घसरत फिरत. २००० साली या एका औषधाच्या थेट जाहिरातींवर सुमारे १६ कोटी डॉलर खर्च झाले. त्या वर्षी पेप्सीने किंवा बडवायझर बिअरने आपल्या जाहिरातीवर एवढा खर्च केला नव्हता. याच वर्षी एका मोठ्या चाचणीत व्हायॉक्स घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे झटके जास्त आढळले होते. पण औषध बाजारातून जायला ३० सप्टेंबर २००४ उजाडला. तोवर एकट्या अमेरिकेत त्याच्या दहा कोटींहून अधिक चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या होत्या. प्रशासनातलेच शास्त्रज्ञ डेव्हिड ग्रॅहम यांनी त्या नोव्हेंबरमध्ये सिनेटपुढे साक्ष दिली. त्यांच्या अंदाजाने या औषधामुळे अमेरिकेत ८८ हजार ते १ लाख ४० हजार लोकांना गंभीर हृदयविकार जडला होता. हे औषध काहींना खरोखर लागत होतं. पोटात व्रण होण्याची भीती असलेल्या रोग्याला ते उपयोगी होतं. पण कोट्यवधी लोकांना जी गोळी मिळाली ती साध्या, स्वस्त गोळीने भागलं असतं अशा दुखण्यांसाठी होती, आणि त्यांतले कितीतरी जण ती नाव घेऊन मागायला गेले होते.

नाव घेऊन मागितलं तर डॉक्टर देतो का? हा प्रश्न वादाच्या मध्यभागी होता, कारण शेवटी निर्णय डॉक्टरचाच असतो, हे कंपन्यांचं सर्वांत पक्कं उत्तर होतं. कॅलिफोर्नियातले डॉ. रिचर्ड क्रॅव्हिट्झ आणि सहकाऱ्यांनी २००३-०४ मध्ये ते तपासून पाहिलं. मला हा प्रयोग या सगळ्या इतिहासातला सर्वांत बोलका वाटतो. त्यांनी १८ नटींना रोग्याचं काम शिकवलं. काहींनी खऱ्या नैराश्याची लक्षणं सांगायची. काहींनी नोकरी गेल्यावर कुणालाही होईल तसा तात्पुरता उदासपणा सांगायचा. त्याला सहसा गोळी लागत नाही. मग काहींनी टीव्हीवर पाहिल्याचं सांगून पॅक्सिल हे नाव घ्यायचं, काहींनी नाव न घेता औषध द्या म्हणायचं, आणि काहींनी काहीच मागायचं नाही. १५२ डॉक्टरांकडे मिळून २९८ भेटी झाल्या. असा रोगी कधीतरी येईल हे त्या डॉक्टरांना आधी कळवून त्यांची संमती घेतली होती. कोण आणि कधी, ते माहीत नव्हतं.

निकाल २००५ मध्ये छापून आले. तात्पुरत्या उदासपणाच्या ज्या बाईने काहीच मागितलं नाही, तिला शंभरातल्या १० भेटींत नैराश्यावरची गोळी मिळाली. जिने पॅक्सिलचं नाव घेतलं तिला ५५ भेटींत मिळाली. आजार तोच होता आणि मधे पडलं होतं एक नाव. पण त्याच अभ्यासाची दुसरी बाजू सांगितली नाही तर मी वाचकाशी अप्रामाणिक ठरेन. खऱ्या नैराश्याच्या ज्या बाईने काहीच मागितलं नाही, तिला फक्त ३१ भेटींत औषध मिळालं. म्हणजे ज्यांना गरज होती त्यांच्याकडेही मागितल्याशिवाय दुर्लक्ष होत होतं. नाव न घेता नुसतं औषध मागणाऱ्या खऱ्या रोग्यांना मात्र ७६ भेटींत ते मिळालं. हा आकडा पॅक्सिलचं नाव घेणाऱ्यांपेक्षा, ५३ पेक्षा, बराच वर होता. रोग्याने तोंड उघडावं, प्रश्न विचारावा, हे चांगलंच. त्यासाठी त्याच्या तोंडी ब्रँडचं नाव घालायची गरज नव्हती.

लोकांचं मतही याच काळात बदलत होतं. प्रशासनाने स्वतः रोग्यांची पाहणी केली. अशा जाहिराती बघायला आवडतात असं १९९९ मध्ये ५२ टक्क्यांनी सांगितलं होतं, २००२ मध्ये ३२ टक्क्यांनी. ५०० डॉक्टरांनाही विचारलं गेलं. जाहिरात बघून आलेल्या रोग्याने विचारपूर्वक प्रश्न विचारले, असं त्यांतल्या ७३ टक्क्यांनी मान्य केलं. जवळपास तेवढ्याच डॉक्टरांनी हेही सांगितलं की या जाहिरातींमुळे रोग्याला औषध असतं त्यापेक्षा जास्त गुणकारी वाटतं.

२००९ ची ती १४ पत्रं या पार्श्वभूमीवर पडली. कंपन्यांनी शोधातल्या जाहिराती रातोरात बदलल्या. काहींनी आजाराचं नाव काढून नुसतं औषधाचं नाव ठेवलं, काहींनी औषधाचं नाव काढून नुसता आजार ठेवला. १९९० च्या दशकातलं निळं आकाश परत आलं होतं. आता स्पष्टता द्या, असा आग्रह सगळ्या बाजूंनी सुरू झाला. प्रशासनाने १२ आणि १३ नोव्हेंबर २००९ रोजी वॉशिंग्टनमध्ये जाहीर सुनावणी बोलावली. १९९६ मध्ये इंटरनेटच्या विषयावर अशीच एक बैठक झाली होती, पण तिच्यातून नियम निघाले नव्हते. मधल्या तेरा वर्षांत गूगल, विकिपीडिया, फेसबुक, यूट्यूब, ट्विटर सगळं जन्माला आलं होतं.

दोन दिवस एकामागून एक लोक बोलायला उभे राहिले: गूगल, याहू, वेबएमडी, औषध कंपन्या आणि त्यांची संघटना, जाहिरातवाले, रोग्यांच्या आणि ग्राहकांच्या बाजूचे लोक. पुढे पत्राने मतं कळवायला फेब्रुवारी २०१० अखेरपर्यंत मुदत होती. प्रशासनाचे प्रश्न पाच विषयांचे होते. कंपनीच्या औषधाविषयी दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराला कंपनी कितपत जबाबदार? इवल्याशा जागेत फायदा आणि धोका समतोल कसे मांडायचे? इतरांची चुकीची माहिती कंपनीने दुरुस्त करावी का? दुवे कुठे आणि कसे द्यावेत? आणि कुणी इंटरनेटवर दुष्परिणामाची तक्रार लिहिली तर ती प्रशासनाला कळवायची कशी? या शेवटच्या प्रश्नाला कंपन्या मनातून घाबरत. रोगी कोण, सांगणारा कोण, औषध कोणतं आणि झालं काय, या चार गोष्टी कळल्या की तक्रार नोंदवणं बंधनकारक होतं.

कंपन्यांची बाजू पोकळ नव्हती. लोक आजाराबद्दल इंटरनेटवर शोधणारच; मंजूर, तपासलेली माहिती देणाऱ्याचे हात बांधले तर ती जागा भोंदू आणि बेकायदा विक्रेते घेतील, असं त्या सांगत होत्या. त्यात तथ्य होतं. बेकायदा औषधं पाठवणाऱ्या कॅनडातल्या ऑनलाइन दुकानांच्या जाहिराती अमेरिकन गिऱ्हाइकांपुढे येऊ दिल्याबद्दल गूगललाच २०११ मध्ये ५० कोटी डॉलर सरकारजमा करावे लागले. उद्योगाच्या संघटनेने सुचवलं की प्रशासनाने एक ठरावीक चिन्ह द्यावं. ते दिसलं की लोक समजतील, क्लिक केल्यावर मंजूर धोक्यांची माहिती मिळेल. ऐकायला ही सूचना सुटसुटीत वाटते. पण प्रशासनाचं चिन्ह जाहिरातीवर आलं की बघणारा त्याचा अर्थ ‘सरकारने पसंत केलेलं’ असा लावणार, आणि धोका पुन्हा एक क्लिक दूरच राहणार होता. सामान्य माणूस क्लिक करत नाही, घाईत असतो, घाबरलेला असतो. छातीत दुखतंय म्हणून रात्री दोन वाजता शोधणारा माणूस दुसरं पान उघडून तळटीप वाचेल, ही अपेक्षा मुळातच चुकीची होती.

उत्तर यायला जवळपास पाच वर्षं लागली. जून २०१४ मध्ये ट्विटरसारख्या मोजक्या अक्षरांच्या माध्यमांसाठी मार्गदर्शनाचा मसुदा निघाला. त्यात प्रशासनाने ‘नोफोकस’ नावाचं एक काल्पनिक औषध घेऊन उदाहरण दिलं: सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंशावर, फिट येण्याचा विकार असलेल्यांना फिट येऊ शकते, आणि पुढे धोक्यांच्या पानाचा पत्ता. हे सगळं १४० अक्षरांत बसवून दाखवलं होतं. फायदा आणि सर्वांत गंभीर धोका एकाच संदेशात हवेत, आणि ते मावत नसेल तर त्या माध्यमावर जाहिरात करायचा पुनर्विचार करा, असं कंपन्यांना सांगितलं होतं. मला हा मसुदा या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणा कागद वाटतो. औषध जागेपुरतं कापून घ्यायचं नसतं, ही साधी गोष्ट त्यात प्रथमच लिहिलेली दिसते.

वर्षभराने त्याची कसोटी लागली. जुलै २०१५ मध्ये किम कर्दाशियन यांनी गरोदरपणातल्या उलट्यांवरच्या डिक्लेजिस या औषधाची तारीफ करणारी पोस्ट इन्स्टाग्रामवर टाकली. त्यांचे अनुयायी चार कोटींवर होते. खाली धोक्यांच्या पानाचा पत्ता दिलेला होता, म्हणजे पुन्हा एक क्लिक. ७ ऑगस्टला कंपनीला इशारापत्र गेलं, पोस्ट काढावी लागली आणि महिनाअखेर दुरुस्तीची नवी पोस्ट टाकावी लागली. त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला अमेरिकन मेडिकल असोसिएशनने चिठ्ठीच्या औषधांच्या थेट जाहिरातींवर बंदीच घाला, असा ठराव केला. जनतेचं मत मात्र इतकं सरळ नव्हतं. कैसर फॅमिली फाउंडेशनच्या त्या ऑक्टोबरच्या पाहणीत निम्म्याहून थोड्या जास्त लोकांना या जाहिराती एकंदरीत चांगल्या वाटल्या. २८ टक्के लोक जाहिरात बघून डॉक्टरशी बोलले होते, आणि १२ टक्क्यांना तेच औषध मिळालंही होतं. पण प्रसारणाआधी प्रशासनाने प्रत्येक जाहिरात तपासावी का, असं विचारल्यावर दहापैकी जवळजवळ नऊ जणांनी हो म्हटलं. अशी पूर्वतपासणी सध्या होते, अशी अनेकांची चुकीची समजूत असते. प्रशासनाला तो अधिकार सरसकट नाही. जाहिरात आधी दिसते, पत्र नंतर जातं.

पुढची गोष्ट थोडक्यात. टीव्ही आणि रेडिओवर धोके स्पष्ट, ठळक आणि लक्ष न विचलित करता सांगितले पाहिजेत, असं संसदेने २००७ मध्ये ठरवलं होतं. तो नियम अंतिम स्वरूपात २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आला. सोळा वर्षं लागली आणि तोवर बघणारे फोनवर गेले होते. त्या नियमाचा रोख टीव्ही आणि रेडिओवरच आहे. आता औषध बनवणाऱ्या कंपन्यांच्या जोडीला घरबसल्या चिठ्ठी आणि औषध दोन्ही देणाऱ्या टेलिमेडिसिन कंपन्याही जाहिराती करतात. जिथे जाहिरात दिसते तिथेच चिठ्ठी मिळते, म्हणजे क्रॅव्हिट्झ यांच्या प्रयोगातला डॉक्टरही तिथे जाहिरातदाराच्याच पदरी असतो. हा बदल मला व्हायॉक्सइतकाच काळजीचा वाटतो.

९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी या जाहिरातींवर कडक देखरेख ठेवण्याचा आदेश काढला. त्याच दिवशी अन्न व औषध प्रशासनाने हजारो पत्रं आणि सुमारे शंभर मनाईपत्रं धाडत असल्याचं जाहीर केलं. ‘पुरेशी सोय’ दाखवून धोक्याचा तपशील दुसरीकडे ठेवण्याची १९९७ ची सवलत बंद करण्यासाठी नियम बदलण्याची प्रक्रियाही सुरू करत असल्याचं त्यात म्हटलं होतं. ती सवलत ही पळवाट होती, हे त्या प्रशासनाने स्वतःच्या शब्दांत लिहून द्यायला अठ्ठावीस वर्षं लागली.